खुंटाची लाल फुलं

दोघांनाही मिळून लिहिते आहे, पण आधी थोरलीनं वाचावं. खोटं मी तिच्याशी बोलले आहे.

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, आजी, माझं फूल दाखव ना. मी वॉकर धरून पायरीपर्यंत गेले आणि एक नारिंगी जास्वंद कॅमेऱ्यासमोर धरली. तू बराच वेळ बघत राहिलीस. मग विचारलंस, मधलं जांभळं कुठे गेलं? मी म्हटलं, हवा बदलली की जास्वंदीचा रंग बदलतो. हे खरं आहे. जास्वंद थंडीत एक दिसते, उन्हाळ्यात दुसरी. म्हणून तर ते वाक्य इतक्या सहज माझ्या तोंडून निघालं. पण ते फूल तुझ्या झाडाचं नव्हतं. ते अकरा नंबरच्या कुंडीतलं, रोपवाटिकेतून आणलेल्या साध्या झाडाचं होतं. तुझं झाड पावसाळ्यातच गेलं.

तू "बरं" म्हणालीस आणि तुझ्या भावाला जागा करून दिलीस. ते "बरं" काही मला पुढे जाऊ देईना. पुढच्या रविवारी तू पुन्हा विचारशील आणि मला पुन्हा एक फूल शोधावं लागेल. म्हणून आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि मलाही लिहायला. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, पुढे तीस वर्षं मी तेच शिकवलं. पण इंग्रजीत मी फार सफाईनं लिहिते, आणि सफाईदार वाक्यातून माणसाला अलगद निसटता येतं. मराठीत ते मला नीटसं जमत नाही. अडलात तर बाबांना विचारा.

आधी झाडांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घराच्या मागे, पूर्वेच्या भिंतीला लागून माझ्या सव्वीस कुंड्या आहेत. पिवळ्या, पांढऱ्या, नारिंगी, राखी, चॉकलेटी, दोन रंगांच्या, तीन रंगांच्या. ही रंगीत झाडं नाजूक असतात. आपल्याकडचा एप्रिल-मे त्यांना सोसत नाही, बोअरच्या खारट पाण्यानं पानं पिवळी पडतात, स्वतःच्या मुळांवर ती दोन उन्हाळे काढत नाहीत. म्हणून त्यांचं कलम करावं लागतं. आपली साधी, गणपतीला वाहतात ती लाल जास्वंद घ्यायची. ती कुठेही जगते, दगडावरही जगेल. तिचं खोड वीतभर ठेवून कापायचं, त्यात रंगीत झाडाची काडी पाचरीसारखी बसवायची आणि घट्ट बांधायची. खालच्या लाल झाडाला खुंट म्हणतात. मुळं लालची, फुलं रंगीत. महिन्याभरात दोन्ही एकजीव होतात.

पण खुंट काही आपलं लालपण विसरत नाही. संधी मिळाली की जोडाच्या खालून तो स्वतःची फांदी बाहेर काढतो. ती फांदी जोमदार असते, सगळं पाणी आणि खत आधी तीच पिते. ती वेळेवर खुडली नाही तर वरची रंगीत फांदी महिना-दीड महिन्यात वाळून जाते आणि कुंडीत उरते साधी लाल जास्वंद. म्हणून दर शनिवारी सकाळी मी ठेंगणं स्टूल घेऊन प्रत्येक कुंडीपाशी बसायची आणि खालचे फुटवे नखानं खुडायची. पंधरा वर्षांत एक शनिवार चुकला नाही.

सात आणि एकोणीस या कुंड्या तुमच्या. थोरले, तू झालीस त्या आठवड्यात मी एका पिवळ्या फुलाचे परागकण बारीक ब्रशनं उचलून एका जांभळट फुलाला लावले होते. शेंग धरली, बिया रुजल्या, चार रोपांतलं एक जगलं. तू दोन वर्षांची झालीस तेव्हा त्याला पहिलं फूल आलं. नारिंगी, मधे वांग्याच्या रंगाचं वर्तुळ आणि कडेला राखाडी रेघ. तुझ्या भावाच्या वेळी तसंच केलं. त्याचं फूल गुलाबी, दुधाळ कडेचं. ही दोन फुलं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बी रुजवून आलेलं झाड पुन्हा तसंच येत नाही, भावंडं एकसारखी नसतात तसंच. त्यांची आणखी कलमं करून ठेवायला हवी होती. सातचं आणखी एक कलम केलं होतं, ते मागच्या उन्हाळ्यात गेलं. या जुलैत पुन्हा करायचं असं वहीत लिहून ठेवलं होतं.

जूनमध्ये मी पडले, हे तुम्हाला माहीत आहे. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, हौद भरून वाहत होता आणि तिथल्या शेवाळावरून माझा पाय सरकला. खुब्याजवळ हाड मोडलं. तुमचे बाबा आले, ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, हाड ठिसूळ आहे, तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. बाबांची सुट्टी दोन आठवड्यांची. जाण्याआधी त्यांनी दिवसरात्र राहायला एक बाई शोधली. सोयगावच्या बाजूची, पन्नाशीची. माहेरी-सासरी दोन्हीकडे मेंढरं, नवरा गेल्यावर शहरात आलेली. तुम्ही तिला फोनवर पाहिलं आहे, कॅमेऱ्याकडे न बघता बोलणारी. ती मला काकू म्हणते.

मी दवाखान्यातूनच बाबांना झाडांची यादी सांगितली आणि त्यांनी ती मोठ्या अक्षरात छापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. सकाळी सातच्या आत पाणी घालावे. हौदातलेच पाणी, बोअरचे नको. पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाचे पाणी फवारावे. वाळलेली फांदी दिसताच कापावी. पडलेली फुले उचलावीत. कुंड्या हलवू नयेत. बाई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं बोट ठेवून सगळी यादी मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "लेकरायचंबी एवढं कुणी करत नाय काकू."

फुटवे खुडण्याचं त्या यादीत नव्हतं. मी लपवलं नाही, मला सुचलंच नाही. जे काम आपण नखानं करतो ते काम आहे असंच वाटत नाही.

मग ते तीन महिने सुरू झाले.

माझा पलंग बैठकीच्या खिडकीशी लावला होता. झोपल्याजागेवरून मला दिसायचं ते इतकं : फाटकाचा वरचा अर्धा भाग, पाण्याच्या टाकीचा पाइप, समोरच्या घराचा जिना आणि खिडकीच्या लोखंडी गजांचे नऊ चौकोन. कुंड्या घराच्या मागे. माझ्यापासून पंचवीस पावलं असतील. दुसऱ्या देशात असल्यासारख्या त्या दूर गेल्या. कुशीवर वळायलाही मला बाईला हाक मारावी लागायची. उशी सरकली की हाक, पाणी हवं की हाक, आणि त्याहून नको त्या गोष्टींसाठी हाक. मी कायम वेळापत्रकानं जगलेली बाई. आता माझं शरीर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर आलं. ती भाकरी थापत असली तर मी थांबायचं. ती अंघोळीला गेली असली तरी थांबायचं.

तिच्या हातांना मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. आजारी मेंढरू उचलावं तशी ती मला उचलायची, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि तोंडानं बारीक आवाज काढत राहायची. मला कधी दुखलं नाही.

एकच गोष्ट मला खुपायची. रोज सकाळी ती "आलेच" म्हणून बाहेर जायची आणि जाताना दाराला बाहेरून कडी घालायची. परत यायला चाळीस मिनिटं. दूध तर कोपऱ्यावर मिळतं. ती चाळीस मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळात मोजायची. वाटायचं, आता गॅस सुरू राहिला असेल तर, चोर आला तर, काहीच न होता नुसतीच लघवीला लागली तर. फोन हाताशी होता, पण फोन करून सांगायचं काय, की मी कडीच्या आत आहे? मी रागानं तिला एकदा विचारलं, दुधाला इतका वेळ? ती म्हणाली, "डेरीवर लई गर्दी ऱ्हाती." मी विश्वास ठेवला नाही.

झाडांची चौकशी मी रोज करायची. ती म्हणायची, "फुलं लई लागलीत काकू. आसं कधी पाह्यलं नव्हतं." मला बरं वाटायचं. जुलैच्या शेवटी मी तिला माझा फोन देऊन फोटो काढायला शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं अंगठ्याचे काढले. दुसऱ्या दिवशी फुलांचे. पंधरा-सोळा फोटो, सगळे अगदी जवळून. टपोरी, ताजी लाल जास्वंद. सगळे लाल.

मला वाटलं, ही कुंपणाच्या झाडाची फुलं. कुंपणाला माझं एक जुनं लाल झाड आहेच, खुंटासाठी काड्या मी त्याच्याच घेते. तिला म्हटलं, कुंपणाचे नको, कुंड्यांचे काढ. ती म्हणाली, कुंड्यांचेच आहेत. मी पुन्हा एकेक फोटो मोठा करून पाहिला. सहाव्या फोटोत पाकळीच्या मागे पत्र्याची पट्टी दिसत होती, मी खिळ्यानं कोरलेली. चौदा. चौदा नंबर म्हणजे पिवळी. तशी वहीत नोंद आहे, आणि वही बघायचीही गरज नव्हती.

मी फोन छातीवर ठेवला. घरात पंख्याचा आवाज होता. मला उठून पळत मागच्या दारी जायचं होतं आणि मी माझी टाचसुद्धा हलवू शकत नव्हते. असं मला त्याआधी कधी झालं नव्हतं, आजोबा गेले तेव्हाही नाही. तेव्हा निदान उभी होते.

बाईला बोलावलं. शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, खालून ज्या लाल फुलांच्या फांद्या आल्या आहेत, त्या सगळ्या कापून टाक. आज, आत्ता.

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "फुलावर आल्यालं झाड कापायचं? तेबी गणपतीचं?"

मी खुंटाचं सगळं समजावून सांगितलं. तिला ते कळलं नाही असं नाही. मेंढपाळाच्या घरातली बाई, कुणाचं दूध कोण पितं हे तिला माझ्याहून चांगलं कळतं. पण ती म्हणाली, "वरच्या काड्यांत काय जीव हाय? वाळून चालल्यात. जे हिरवं हाय ते तोडायचं आन जे मरायलंय त्याला पानी घालायचं, आसं कुटं आस्तं व्हय?"

मी म्हटलं, झाडं माझी आहेत.

"व्हय, तुमचीच हायेत. माह्या हातून नाय व्हायचं. दुसऱ्या कुनाला सांगा."

दुसरं कुणी नव्हतं. आणि दहा मिनिटांनी मला तिला हाक मारायचीच होती. ती आली, भांडं सरकवलं, पुसलं, चादर नीट केली, सगळं नेहमीसारखं. त्या दिवशी तोंडानं तो बारीक आवाज मात्र काढला नाही. मला तेव्हा कळलं की मी कुठे अडकले आहे. माझ्या हातात भांडणाचं काहीच शिल्लक नव्हतं. जिच्याशी भांडायचं, तिनंच मला दिवसातून दहा वेळा उचलायचं होतं. ती गेली तर तुमच्या बाबांना पुन्हा सुट्टी काढावी लागली असती. मी गप्प राहिले. बाबांनाही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या वहिनी बसायला आल्या. त्यांना मी मदतीला घेईन असा विचार केला होता. त्यांच्या हातात कात्री देता येईल. पण मी विषय काढायच्या आतच त्या म्हणाल्या, तुमची बाई हिरा आहे हो. रोज सकाळी देवळात दिसते. पिशवीतून लाल जास्वंद काढते, एकवीस मोजते, वाहते आणि भिंतीला टेकून बसते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, आमच्या काकू पाय टेकवस्तोवर रोज एकवीस बोलले आहे.

मी विचारलं, किती दिवसांपासून?

"तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून असेल. आधी माझ्याकडून मागून न्यायची, आता म्हणते घरचीच पुरतात. तुम्हाला सांगितलं नाही तिनं? घ्या. आम्ही सगळे समजत होतो तुम्हीच पाठवता."

वहिनी चहा पिऊन गेल्या. त्यांच्याकडे मी कात्रीचं बोलले नाही. लाल जास्वंदीवर कात्री चालवायला त्याही तयार झाल्या नसत्या, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

तुम्हाला माहीत आहे, मी नवस-सायास करणारी नाही. हाड कॅल्शियमनं आणि वेळेनं जुळतं. पण त्या चाळीस मिनिटांत मी कडीच्या आत पडून तिच्यावर चिडत होते आणि ती देवळात माझ्याच पायासाठी बसलेली होती. माझी झाडं मारणारी फुलं माझ्याच पायासाठी चालली होती. यातून बाहेर यायला मला कुठलीच वाट दिसेना. तिला रागवावं तर राग टिकेना. आणि राग टिकेना म्हणून झाडं काही वाचणार नव्हती. प्रत्येक दिवसाला खुंट वाढत होता, हे मला न बघता दिसत होतं. ते माहीत असताना मी आणखी चार दिवस काहीही बोलले नाही. थोरले, हे चार दिवस तुला सांगायचे होते. तुझं झाड त्या चार दिवसांत गेलं की आधीच गेलं होतं, हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी ते माहीत नव्हतं, आणि तरी मी गप्प होते.

पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, बाकीचं राहू दे. तुझी फुलं तू घे. मला फक्त दोन कुंड्या इथे आणून दाखव. सात आणि एकोणीस.

"कुंड्या हालवू नये लिव्हलंय नं यादीत."

"मीच लिहिलंय. मीच सांगते, आण."

आधी तिनं सात आणली. पलंगाशेजारी खुर्ची ओढून तिच्यावर ठेवली. खालून आलेल्या तीन जाड फांद्या माझ्या कमरेइतक्या उंच, पानं काळसर हिरवी, चार फुलं. मधोमध जोडाच्या वर बोटभर खुंटी. वर सपाट, स्वच्छ कापलेली.

मी विचारलं, ही फांदी?

"ती वाळल्याली? म्याच कापली. पंधरा-वीस दिस झाले. वाळल्याली दिसताच कापावी, लिव्हलंय नं."

"हो," मी म्हटलं. "लिहिलंय."

तिला माझा चेहरा बरा दिसला नसावा. तिनं विचारलं, कोनाचं व्हतं? मी सांगितलं. पट्टीवर तुझं नाव इंग्रजीत कोरलेलं आहे, तिला ते वाचता येत नव्हतं. तिनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं, जसं यादीवर फिरवलं होतं. मग ती जमिनीवर बसली. म्हणाली, "मला सांगायचं नं काकू. नातीचं हाय म्हून सांगायचं. सव्वीस कुंड्यांत मला काय ठावं कोनतं लेकराचं आन कोनतं बाजारातलं?"

पट्ट्या, वही, यादी, सगळं माझ्याकडे होतं आणि ती एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मागच्या दारी मी एकटीच जायची म्हणून मला वाटायचं, मला माहीत आहे म्हणजे झालं.

कापलेली काडी कुठे टाकली विचारलं. कचऱ्याच्या गाडीत. अर्थातच.

मग ती उठली आणि एकोणीस घेऊन आली. धाकट्या, तुझ्या झाडाला खालून दोनच फांद्या फुटल्या होत्या, त्या मात्र हातभर झालेल्या. वरची फांदी टोकाकडून काळी पडलेली, पण जोडापासून चार बोटं अजून हिरवी होती. त्या चार बोटांत दोन पानं होती. मी नखानं सालीला ओरखडा काढून पाहिला. आत ओल होती.

शिवणाच्या डब्यातली कात्री मागितली. तिनं आणून दिली. पलंगावर वर्तमानपत्र पसरलं, मला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी लोड लावला आणि कुंडी उचलून माझ्या छातीसमोर तिरपी धरली. भरलेली कुंडी, दहा-बारा किलोची असेल. एका लाल फांदीवर तीन फुलं होती. ती म्हणाली, थांबा. एका हातानं कुंडी पोटाशी आवळून दुसऱ्या हातानं तिनं ती तीन फुलं आधी खुडून पदरात टाकली. मग तोंड भिंतीकडे वळवलं.

"आता कापा. म्या बघत नाय."

शिवणाची कात्री अशा खोडाला पुरत नाही. मला पाचपाचदा दाबावी लागली. मुळाशी पोचायला मान वाकत नव्हती, घामानं डोळे झोंबत होते. दुसरी फांदी मी शेवटी पिळून तोडली. खाली राहिलेले डोळे नखानं काढले. तेवढा वेळ ती कुंडी धरून उभी होती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. एकदाही कुंडी हलली नाही. झाल्यावर तिनं विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. तिनं कुंडी खिडकीत गजांच्या आत ठेवली, माझ्या अंगावरची माती झटकली आणि मला पाठीवर वळवताना तोंडानं तो आवाज पुन्हा काढला.

बाकीच्या चोवीस कुंड्यांचं मी काही बोलले नाही. तिला रोज एकवीस लागत होती. कुंपणाच्या झाडाची दहा-बारा, बाकीची माझ्या पिवळ्या-राखी-चॉकलेटी झाडांच्या मुळांवरची. मला ते पटलं होतं असं समजू नका. मी पडल्या पडल्या रोज हिशेब करायची की आज चौदा गेली असेल, आज तीन. सोडून द्यायचं मोठेपण माझ्यात नव्हतं. फक्त दुसरा रस्ता नव्हता. सकाळी ती कडी घालून जायची आणि मी त्या चाळीस मिनिटांत एकोणीस नंबरच्या दोन पानांकडे बघत राहायची. एक पान पिवळं होऊन पडलं तेव्हा मी दिवसभर जेवले नाही. ती म्हणाली, "आसं करू नका. मेंढी चारा सोडती तसं."

सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरांनी पाय टेकवायला परवानगी दिली. मी वॉकर धरून उभी राहिले, तेव्हा तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटची एकवीस घेऊन गेली आणि त्या दिवशी आल्यावर तिनं स्वतःच कात्री काढली, माझी बागेची मोठी. म्हणाली, आता सांगा कोनत्या ठेवायच्या आन कोनत्या नाय. मी मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंतच जाऊ शकत होते. तिथे खुर्ची टाकून बसले आणि ती एकेक कुंडी समोर आणून दाखवत गेली. बहुतेकांवर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका कुंडीपाशी ती मला न विचारताच थांबली आणि म्हणाली, ही हिरवी हाय वरून, ही धरा. ती राखी होती.

अजूनही मला पायरी उतरता येत नाही. मागचं अंगण तीन पायऱ्या खाली आहे. डॉक्टर म्हणतात, होईल. दारात बसून मी सांगते आणि ती करते. शनिवार आता तिचा झाला आहे. तिची नखं माझ्याहून पक्की आहेत.

थोरले, मी तुझं झाड पुन्हा करू शकत नाही. तुझ्या फुलाची आई, ती जांभळट जास्वंद, तीही या पावसाळ्यात गेली. हे मी तुला त्या फोनवरच सांगायला हवं होतं. तुझ्या बाबांना मी सांगितलेलं नाही, त्यांना हे तू वाचून दाखवलंस तरी चालेल.

आज आहे ते असं. सव्वीस कुंड्यांपैकी आठ कलमं जिवंत आहेत, त्यांत राखी एक आणि अकरा नंबर एक. एकोणीस नंबरला सात पानं आहेत आणि कळी अजून नाही. सात नंबरच्या कुंडीत लाल जास्वंद आहे. तिला रोज तीन-चार फुलं येतात.